फोनवरून दिलेला कान

वहिनींनी पावाचा तुकडा फोनला दाखवला, मग लोण्याची वाटी दाखवली, मग खिडकीबाहेरचं झाड दाखवलं. एवढं सगळं दाखवून होईपर्यंत त्यांच्या चहावर साय धरली.

"दिसतंय का गं? हे झाड बघ, झाड!"

पलीकडून सुनेचा आवाज आला, "आई, तुमचा अंगठाच दिसतोय."

हॉटेलच्या न्याहारीच्या टेबलाशी समोर बसून त्यांची नणंद, म्हणजे घरातल्या सगळ्यांची आत्या, अंडं सोलत होती. परदेशात येऊन आठवडा होत आला होता आणि वहिनींनी अजून एकही गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी धड पाहिली नव्हती. जे काही असेल ते आधी फोनने बघायचं, मग घरच्यांनी, आणि काही उरलंच तर वहिनींनी. पुलावर गेल्या की नदीकडे पाठ. राजवाड्यात गेल्या की राजवाड्याकडे पाठ. "आपण देश बघायला आलोय की देशाला पाठ दाखवायला?" असं परवा आत्याने विचारलं, तेव्हा टूरमधली सगळी माणसं हसली होती आणि वहिनी संध्याकाळपर्यंत फुगून बसल्या होत्या.

तसा फोन आत्याच्याही गळ्यात होता. शाळेतल्या पोराची पाण्याची बाटली असते तसा, पट्ट्याने अडकवलेला. निघायच्या आदल्या दिवशी थोरल्या पुतण्याने तो सगळ्यांच्या देखत तिच्या गळ्यात घातला, सत्काराचा हार घालावा तसा.

"आत्या, आता तू जगात कुठेही जा. तुझा कान इथेच."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धाकट्याने तेवढ्या वाजवल्या नाहीत. तो घरच्या ओतशाळेतल्या भट्टीपाशी उभा राहून हात पुसत राहिला. आत्याने ते पाहिलं होतं आणि मनात जपून ठेवलं होतं. धाकटा तिचा. लहानपणी तापात तिच्याच मांडीवर झोपायचा, आणि मोठेपणी थोरल्याशी खटका उडाला की तिच्याच पाठीमागे येऊन उभा राहायचा.

थोरल्याच्या मनात काय आहे हे तिला कळत नव्हतं असं नाही. या घराने शाळांना, गिरण्यांना, बंदरांना, घड्याळाच्या मनोऱ्यांना घंटा ओतून दिल्या. पण कुठलीही घंटा ओतशाळेतून बाहेर पडण्याआधी घरातला एक माणूस तिला कान देई. घंटा टांगायची, टोला द्यायचा, आणि त्या माणसाने डोळे मिटून घुमारा संपेपर्यंत ऐकायचं. तो माणूस "जाऊ दे" म्हणाला तर घंटा जाणार. "फोडा" म्हणाला तर पुन्हा भट्टीत. बाबांनंतर हा मान त्यांच्या मुलाकडे, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याकडे, जायचा. पण दादाचे हात सोन्याचे होते आणि कान दगडाचे. बाबांनी सरळ मुलीला पुढे केलं. तेव्हापासून वहिनींच्या मनात जी अढी बसली, ती दादा गेला तरी सुटली नव्हती.

आणि आता थोरल्याला हा कानच नको होता. म्हातारीला चार दिवस फिरायला पाठवायचं, फोनवरून एक घंटा पास करून घ्यायची, मग म्हणायचं, बघा, हिच्यावाचून काही अडत नाही. पुढच्या वेळी फोनचीही गरज नाही. एखादं यंत्र आणून ठेवलं की झालं. सहल म्हणे! ती सहल नव्हतीच, ती निरोपाची गाडी होती. एवढं कळत असून ती आली होती, कारण धाकट्याने तिला गाठून सांगितलं होतं, "जा तू आत्या. एकदा मला माझ्या हाताने ओतू दे. तू पाठीशी उभी असलीस की सगळे म्हणतात, आत्याने केलं."

त्याच घंटेला आज कान द्यायचा होता.

फोन छातीवरच थरथरला. आत्याने दचकून अंडं खाली ठेवलं.

"घ्या ना, वन्सं! हिरवं दाबा, हिरवं!"

"दिसतंय मला हिरवं. मी आंधळी नाही."

पडद्यावर आधी ओतशाळेचं छप्पर आलं. मग थोरल्याची एक नाकपुडी. मग कुणीतरी फोन सरळ केला आणि अंगणभर उभी असलेली माणसं दिसली. कामगार, सुना, मधे तीन वाशांच्या तिकाटण्याला टांगलेली नवी घंटा, आणि फाटकाबाहेर तोंड करून उभी असलेली टेंपोगाडी. गाडीचा ड्रायव्हर टायरला टेकून दात कोरत होता.

"आत्या, दिसतोय का आम्ही?" थोरला ओरडला. परदेश लांब आहे म्हणून ओरडावं लागतं अशी त्याची समजूत असावी.

"तुझं नाक दिसतंय. तेवढं पुरे. गाडी आत्ताच आणून उभी केलीस?"

"उद्या शाळेचं उद्घाटन आहे आत्या. बाईंचा सारखा फोन येतोय. तू ऐक, हो म्हण, की लगेच चढवतो."

"हो म्हण, हे कुणी ठरवलं?"

थोरला हसला. त्याचं ते हसू तिच्या ओळखीचं होतं. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की तो असाच हसे.

शाळेच्या बाई ऑर्डर द्यायला आल्या होत्या तेव्हा फाटकाच्या कमानीखाली थबकल्या होत्या. वर बाबांनी ओतलेली घंटा होती. कामाची सुटी झाली की तीच वाजे. बाई मान वर करून म्हणाल्या, "मला अशीच हवी. मापाने आणि आवाजानेही." म्हणून धाकट्याने बाबांचाच जुना फर्मा माळ्यावरून काढला होता. बाहेरून दोघी सारख्याच दिसत होत्या.

"दे टोला," आत्या म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

टक.

बस, एवढंच. पाटावर वाटी आपटावी तसं. आत्या थांबली. घुमारा यायची वाट पाहत राहिली. काही नाही. डोळे उघडून पाहते तर अंगणातली माणसं अजून मान किंचित कलती करून ऐकत होती.

"पुन्हा."

टक.

"ही मेलेली आहे," आत्या म्हणाली. "फोडा."

अंगणात सगळे एकदम बोलू लागले. फोनला एवढी माणसं झेपेनात. शब्दांचे तुकडे येऊ लागले. त्यातून थोरल्याचा आवाज वर आला, "आत्या, अजून घुमतेय गं ती! आम्हाला इथे ऐकू येतंय!"

"मला येत नाही."

"मग तुझ्या कानात काहीतरी झालंय."

आता वहिनी पुढे सरसावल्या. आपला फोन खाली ठेवून, हे विशेष. "तेच म्हणते मी! वन्सं, विमानातून उतरल्यापासून तुमचे कान बंद आहेत. काल मी तीनदा हाक मारली, तुम्ही बघितलंसुद्धा नाही."

"तुमची हाक ऐकू येऊनही मी बघत नाही, वहिनी. आजची गोष्ट आहे का ती?"

पण शब्द तोंडातून गेला तरी मनात शंका आलीच. विमानातून उतरल्यावर दोन दिवस कानांत खरंच दडे बसले होते. वय झालं होतं. बाबांचेही कान शेवटी गेले होते, आणि आपले कान गेले हे सगळ्यांत उशिरा बाबांनाच कळलं होतं.

"दादा, आत्याच्या कानाबद्दल बोलायचं नाही," पडद्याच्या कडेवरून धाकटा म्हणाला. आवाज बारीक होता, पण म्हणाला.

आत्या उठली. लॉबीत काउंटरवर एक लहानशी घंटी ठेवलेली होती, बोटाने दाबायची. तिने ती दाबली आणि कान जवळ नेला. टणत्कार, त्यामागून बारीक घुमारा, बारीक होत होत अगदी केसाएवढा, आणि मग विझला. सगळं ऐकू आलं. पितळ हलकं होतं आणि कड घाईत घासलेली होती, तेही ऐकू आलं.

काउंटरमागची मुलगी धावत आली. आत्याने तिच्याकडे पाहून मान हलवली, "तुझ्याकडे नाही गं काम," आणि परत येऊन खुर्चीत बसली. मुलीला एक अक्षर कळलं नसणार, पण ती निमूट परत गेली.

"माझे कान ठणठणीत आहेत," ती फोनला म्हणाली. "आजार तुमच्या या डबीला आहे."

तेवढ्यात थोरल्याची मुलगी, चिमणी, पडद्यात घुसली. घरात फोनची दुखणी तिच्याकडे जात. "आत्याआजी, अगं बरोबर आहे तुझं! फोन ना, बोलणं तेवढं ठेवतो. पंख्याची घरघर, गाड्यांचा आवाज, एकसारखं चालू असलेलं काहीही, ते गोंगाट समजून कापून टाकतो. घंटेचा घुमारा त्याने कापला!"

आत्या तिच्याकडे बघतच राहिली.

"म्हणजे घुमारा हा गोंगाट, आणि तुझ्या बापाचं बोलणं तेवढं कामाचं?"

चिमणी खुदकन हसली. "असंच काहीसं."

"छान. शंभर घंटा ओतणाऱ्या घराने हा कान विकत आणला. आणि माझ्या गळ्यात बांधला!"

"बदलता येतं गं ते. सेटिंग आहे. मी इकडचं आणि तुझं दोन्हीकडचं नीट करते. आजीला फोन दे, मी सांगते तसं दाबायला सांग."

वहिनींनी चष्मा लावला. आयुष्यात पहिल्यांदाच ओतशाळेच्या कामात त्यांची गरज पडली होती, आणि तो आनंद त्यांच्या चेहऱ्यावर पसरला होता. त्यांनी दाबायचं ते दाबलं, नको तेही एकदोनदा दाबलं. शेवटी चिमणी म्हणाली, "झालं! आता सगळं ऐकू येईल, जसंच्या तसं."

जसंच्या तसं. हे ऐकल्यावर धाकट्याने मान खाली घातली. आत्याला ते दिसलं, पण लाजला असेल, असं तिला वाटलं.

"आत्या, जरा थांब हं," थोरला म्हणाला. "ड्रायव्हरशी बोलून परत लावतो." पडदा काळा झाला.

वहिनींनी गार चहाचा घोट घेतला. "माझी मुलं चांगली आहेत हो, वन्सं. तुम्ही उगाच त्यांना धाकात ठेवलंत."

"मी नाही, घंटेने ठेवलं. तुमच्या नवऱ्यालाही ठेवलं होतं."

"त्यांना तुमच्या बाबांनी कधी विचारलंच नाही."

वहिनींचं म्हणणं खोटं नव्हतं. बाबांनी विचारलं नव्हतं. पोरगी लहान असतानाच तिला घंटेकडे पाठ करून बसवायचे, डोळे मिटायला लावायचे आणि म्हणायचे, "संपली म्हण. पण संपल्यावरच म्हण." ती घाईने "संपली" म्हणाली की ते मागून विचारत, "मग हे काय आहे?" आणि खरंच, हवेत अजून काहीतरी असे. फाटकावरची घंटा तर सगळ्यांत लबाड. संपली संपली वाटे, आणि अगदी शेवटी, झोपलेल्या माणसाने हुंकार द्यावा तशी एकदा पुन्हा उचल खाई. कशामुळे ते बाबांनाही सांगता येत नसे. त्या फर्म्यावर नंतर किती घंटा झाल्या. तो हुंकार दुसऱ्या एकीलाही आला नाही.

फोन पुन्हा थरथरला.

या वेळी पडद्यावर नवी घंटा जवळून दिसत होती, खांद्यापासून कडेपर्यंत. माणसं दिसत नव्हती. टोला द्यायची लाकडी मोगरीही दिसत नव्हती.

"आत्या, तयार?" धाकट्याचा आवाज.

"तयार ना, आत्या?" थोरल्याचा आवाज.

"चिमणी कुठे आहे?"

"तिला आत पाठवलं," दोघं एकदमच म्हणाले.

आत्याच्या कपाळावर आठी पडली. हे दोघे भाऊ. कोळसा कुठला आणायचा यावरून महिनाभर न बोलणारे. बापाच्या फोटोला कुठली चौकट लावायची यावरही भांडलेले. आणि आज एका सुरात बोलताहेत, एकमेकांचं वाक्य पुरं करताहेत.

"दे टोला."

तिने डोळे मिटले. आणि आवाज आला. पूर्ण, भरघोस, आधी छातीत बसणारा आणि मग कानात. फोनच्या त्या एवढ्याशा भोकातूनही आला, यात शंका नाही. घुमत राहिला, पातळ झाला, दूर गेला. वहिनीसुद्धा हातातला तुकडा तसाच धरून बसल्या. संपला. संपलासा वाटला.

आणि मग अगदी शेवटी, हुंकार.

आत्याने डोळे उघडले नाहीत. एवढ्या लांबून, समुद्र ओलांडून, परक्या देशातल्या या पावाच्या वासाच्या खोलीत बाबांनी तिला हाक मारली होती. मागून विचारावं तसं विचारलं होतं, मग हे काय आहे?

"आत्या?" धाकटा म्हणाला. आवाज कापत होता. "कशी आहे?"

थोरला फसवणार हे तिने धरलेलंच होतं. तो फसवता तर ती हसली असती. पण धाकटा! म्हणजे मान खाली घातली ती लाजून नव्हे. जोवर फोन बहिरा होता तोवर तो तिच्या बाजूने बोलला. फोनला ऐकू येऊ लागलं, आणि तो भावाच्या बाजूला गेला.

ओरडून सांगावं का सगळ्यांना? अंगणभर कामगार उभे होते. त्यांनी तर डोळ्यांनी पाहिलं होतं मोगरी कुठे बसली ते, आणि एकही बोलला नव्हता. एका शब्दात धाकट्याचं तोंड काळं झालं असतं, आणि उद्यापासून कारखाना थोरल्याचा. नाही म्हणावं, तर विचारतील, बाबांच्या घंटेत काय खोट काढलीस? हो म्हणावं, तर या घरातून न ऐकलेली पहिली घंटा बाहेर पडेल. पोरांनी पेच मोठा हुशारीने घातला होता. फक्त कुणाला घालतो आहोत, याचा विचार केला नव्हता.

"उत्तम आहे," आत्या म्हणाली. "जाऊ दे."

पलीकडे एकच आरडाओरडा झाला. थोरल्याने "म्हटलं नव्हतं मी!" असं कुणाला तरी सांगितलं. ड्रायव्हरने दात कोरायचं थांबवून गाडीचा फाळका पाडला.

"फोन बंद करू नका," आत्या म्हणाली. "चढवताना मला बघायचंय. शिडी आणा."

"शिडी कशाला आत्या? तिकाटण्यावरूनच घेतो की."

"जी मला ऐकवलीत, ती चढवा."

आवाज एकदम थांबले. फोनने कापले नव्हते. माणसंच गप्प झाली होती.

"आत्या, म्हणजे…" थोरला म्हणाला.

"म्हणजे फाटकावरची. मी जिला कान दिला ती जाणार. या घराची रीत तुला मी नव्याने सांगायची का?"

"अगं, ती आजोबांची आहे! ती देता येणार नाही!"

"का? बाईंना तशीच हवी होती. मापाने आणि आवाजानेही. आणि आता तर पासही झाली. तुझ्याच या फोनवरून."

"आत्या, असं नको ना करू," धाकटा म्हणाला आणि पडद्यात आला. डोळे लाल होते. "माझं चुकलं. माझी घंटा… तिच्यात दोन सूर लागतात. एकमेकांवर आपटतात. तू ऐकलं असतंस तर लगेच फोडा म्हणाली असतीस. माझी पहिली होती गं."

"दोन सूर का लागले?"

"साचा लवकर उघडला. गार व्हायच्या आधी."

"का उघडलास?"

"दादाने गाडी सांगून ठेवली होती."

"मी फक्त गाडी सांगितली," थोरला उसळला. "साचा उघड म्हणून तुला मी सांगितलं? आणि फाटकावर टोला द्यायची अक्कल कुणाची?"

"कुणाची म्हणजे? तूच म्हणालास, म्हातारीला काय कळतंय!"

"झालं," आत्या म्हणाली. "एका टोल्यापुरती एकी. तीही उसनी, बाबांच्या टोल्याची."

वहिनींनी फोनकडे हात केला. "वन्सं, पुरे आता. पोरं चुकली. त्यांच्या आजोबांची घंटा ती. दारातून काढतात का कुणी?"

"वहिनी, तुम्ही म्हणालात ना, दादाला कुणी विचारलं नाही. आज तुम्हाला विचारते. न ऐकलेली घंटा शाळेत पाठवू? पोरं रोज तिच्यावर उठतील, बसतील. सांगा. तुम्ही हो म्हणालात तर पाठवते."

वहिनींनी तोंड उघडलं. आपल्या मुलांकडे पाहिलं, पडद्यातल्या त्या एवढ्याएवढ्याशा चेहऱ्यांकडे. मग चष्मा काढून पदराने पुसला.

"शिडी आणा रे," त्या म्हणाल्या. "ऐकलंत ना आत्या काय म्हणाली ते?"

शिडी आली. फोन आता चिमणीने धरला होता. आतून धावत बाहेर आली होती आणि पडदा स्थिर ठेवून उभी होती. कमानीवरून घंटा उतरली तेव्हा धाकट्याने तिला खालून दोन्ही हातांनी धरलं, लहान मूल झाडावरून उतरवावं तसं. गाडीत गवतावर ठेवली. फाळका लागला. गाडी फाटकातून गेली आणि कमानीत नुसतं आकाश राहिलं.

"आता नवी वर लावा," आत्या म्हणाली.

"तिच्यात खोट आहे, आत्या."

"म्हणूनच. मी परत येईपर्यंत कामाची सुटी तिच्यावर द्यायची. रोज. आणि घुमारा संपेपर्यंत दोघांनी खाली उभं राहायचं, शेजारी शेजारी. मी आले की फोडू. मग तू पुन्हा ओतशील. आणि गाडी कुणी सांगणार नाही." तिने लाल दाबलं. ते कसं दाबायचं हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

टूरवाला दारात येऊन बस लागल्याचं सांगून गेला.

"वाईट नाही वाटत?" वहिनींनी विचारलं. "तुमच्या बाबांची आठवण होती ती."

"शाळेत गेली, वहिनी. तिथे कुणीतरी ऐकेल. आपल्याकडे तिचा उपयोग मला गंडवायला व्हायला लागला होता."

आत्या उठली. तिच्या छातीवर फोन पुन्हा थरथरू लागला. पडद्यावर धाकट्याचं तोंड होतं, मागच्या वर्षीच्या फोटोतलं, हसरं. तिने पट्टा डोक्यावरून काढला आणि फोन वहिनींच्या हातात दिला.

"तुमचा मुलगा आहे. बोला."

वहिनी "अरे बाळा" म्हणून बोलू लागल्या. आत्या काउंटरपाशी गेली आणि तिने ती घंटी पुन्हा दाबली. मुलगी लगबगीने पुढे आली, हसून काहीतरी विचारू लागली. आत्याने हात वर केला. थांब. अजून संपली नाही.